कोर्टाचा जुना आदेश बदलून मागता येतो: लेकराचा ताबा, भेट आणि खावटी



घटस्फोटाचा नाहीतर वेगळं राहण्याचा निकाल लागला की आपल्यातल्या बऱ्याच जणी तो कागद पेटीत तळाशी ठेवून देतात. "कोर्टानं ठरवलं ते ठरलं," म्हणून विषय संपवतात. पण कागद आहे तसाच राहतो आणि लेकरू वाढत जातं. चार वर्षांच्या पोराला धरून लिहिलेला आदेश ते दहा वर्षांचं झालं तरी तसाच चालू असतो. मग दर रविवारी भांडण, नाहीतर गुपचूप ओढाताण, आणि मधे लेकरू.

वेगवेगळ्या गावांच्या बैठकांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो: आधीचा आदेश बदलून मागता येतो का? उत्तर आहे, हो, येतो. पण त्यासाठी कोर्टातच जावं लागतं, आणि "माझ्यावर अन्याय झाला" एवढं सांगून चालत नाही. "लेकराची परिस्थिती बदलली आहे आणि जुना आदेश आता त्याच्या हिताचा राहिला नाही," हे दाखवावं लागतं. या लेखात तेच नीट समजून घेऊ.

मी वकील नाही, समाजकार्य शिकलेली तुमची समन्वयक आहे. त्यामुळे हा लेख वाचून लगेच अर्ज टाका असं मी म्हणणार नाही. पण वकिलासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं आणि सोबत काय न्यायचं, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

आदेश बदलतो, पण आपल्या हातानं बदलायचा नाही

सगळ्यात आधी ही गोष्ट, कारण नुकसान इथंच होतं.

आदेशात लिहिलंय, "वडिलांनी दर रविवारी सकाळी १० ते ५ लेकराला भेटावं." वडील दोन महिने आले नाहीत. तिसऱ्या महिन्यात आले तर आईनं पाठवलं नाही. किंवा खावटी थकली म्हणून आईनं भेट बंद केली. राग बरोबर आहे, पण कागदावर आदेश मोडणारी ती ठरते. मग समोरचा वकील कोर्टात सांगतो, "ही आई लेकराला बापापासून तोडते." पुढं आपल्यालाच काही मागायचं असेल तेव्हा हे आड येतं.

उलट बाजूनंही तसंच. ताबा वडिलांकडे आणि भेट आईला असेल, आणि सासरचे पाठवत नसतील, तर शाळेच्या गेटवरून लेकरू उचलून आणायचं नाही. कितीही जीव तुटला तरी नाही.

खावटी आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खावटी दिली नाही म्हणून भेट थांबत नाही, आणि भेट मिळाली नाही म्हणून खावटी माफ होत नाही. नवा आदेश हातात येईपर्यंत जुना पाळायचा.

आणखी एक. दोघांचं आपसात पटलं, गावातल्या चार शहाण्या माणसांसमोर बसून बॉण्डवर लिहिलं, सह्या झाल्या. चांगलं झालं, पण तो कोर्टाचा आदेश नव्हे. उद्या एकजण फिरला तर जुना आदेशच पुढं येतो. म्हणून पटलेलं असेल तर तेच दोघांनी मिळून कोर्टात लिहून द्यायचं. कोर्टाला ते लेकराच्या हिताचं वाटलं तर त्यावर नवा आदेश होतो. हा सगळ्यात सोपा आणि कमी खर्चाचा रस्ता आहे.

तीन दुखणी, तीन औषधं

कोर्टात जायच्या आधी आपलं दुखणं नेमकं कोणतं ते ओळखा.

१. आदेश बरोबर आहे, पण समोरचा पाळत नाही. इथं आदेश बदलायची गरज नाही, त्याची अंमलबजावणी मागायची. भेट देत नाहीत, खावटी थकवली, हे सगळं यात येतं.

२. आदेशच चुकीचा झाला, कोर्टानं आपलं ऐकलं नाही. हे अपिलाचं काम. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर ३० दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील करावं लागतं. आपल्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ शहरातच आहे. पण निकाल दोघांच्या संमतीनं झाला असेल तर अपील होत नाही.

३. आदेश झाला तेव्हा ठीक होता, पण आता दिवस बदलले. इथं बदलाचा अर्ज करायचा. यासाठी ३० दिवसांची अट नाही. लेकरू अठरा वर्षांचं होईपर्यंत, परिस्थिती खरोखर बदलली असेल तेव्हा मागता येतं.

बऱ्याच जणी पहिलं दुखणं घेऊन तिसरं औषध मागतात. त्यात वेळ जातो आणि तारखा वाढतात.

बदल कशानं मिळतो, कशानं नाही

कोर्ट दोन गोष्टी बघतं. एक, आधीच्या आदेशानंतर काय बदललं? दोन, त्यामुळं लेकराच्या हितासाठी नवा आदेश गरजेचा आहे का? दोन्हींचं उत्तर "हो" यावं लागतं.

कोर्ट ज्यांचा विचार करतं अशा काही गोष्टी:
- लेकरू मोठं झालं, शाळा बदलली, वसतिगृहात गेलं, दहावी-बारावी आली.
- आईची किंवा वडिलांची राहण्याची जागा बदलली. कुणी वाळूजला कंपनीत लागलं, कुणी पुण्याला गेलं.
- ज्याच्याकडे ताबा आहे तो स्वतः सांभाळत नाही. सहा महिने ऊसतोडीला जातो आणि लेकरू म्हाताऱ्या आजीवर किंवा चुलत्यावर पडतं.
- दारू, मारहाण, घरात लेकराला धोका.
- लेकराचं आजारपण, अपंगत्व, ज्याला आता वेगळी काळजी लागते.
- आईला आधी घर नव्हतं, कमाई नव्हती, म्हणून ताबा मिळाला नव्हता. आता तिचं बस्तान बसलं आहे.
- जाणत्या लेकराची स्वतःची इच्छा.

आणि एवढ्यावर सहसा भागत नाही अशा गोष्टी: सासरचे टोचून बोलतात, लेकरू एकदोनदा रडत आलं, समोरच्यानं दुसरं लग्न केलं, त्याच्याकडे पैसा जास्त आहे. दुसऱ्या लग्नाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. "पुन्हा लग्न केलंस तर लेकरू जाईल," अशी भीती बायांना घातली जाते. सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये लेखा विरुद्ध पी. अनिल कुमार या खटल्यात सांगितलं की आईनं दुसरं लग्न केलं एवढ्यावरून तिला ताबा नाकारता येत नाही. प्रश्न इतकाच असतो की त्या नव्या घरात लेकरू सुखात आहे का.

मोठ्या कोर्टानं काय सांगून ठेवलंय

सुप्रीम कोर्टानं १९७३ मध्येच रोझी जेकब खटल्यात सांगितलं होतं की ताब्याचे आदेश कायमचे ठाम धरून बसता येत नाहीत, लेकराच्या गरजेप्रमाणे ते बदलू शकतात.

नोव्हेंबर १९९७ मधला एक निकाल तर आपल्या मुंबईतल्या प्रकरणातला आहे: धनवंती जोशी विरुद्ध माधव उंडे. वडील अमेरिकेत. मुलगा अगदी लहान असताना आई त्याला घेऊन भारतात आली आणि तो तिच्याकडेच वाढला. वडिलांनी ताब्यासाठी मुंबईत दावा केला आणि खालच्या कोर्टांत त्यांच्यासारखं झालं. आई सुप्रीम कोर्टात गेली आणि तिथं मुलगा तिच्याकडेच राहिला. कोर्टानं नियम सांगितला तो असा: ताब्याचा आदेश पुढं बदलता येतो, पण परिस्थिती बदलल्याचं सिद्ध व्हावं लागतं आणि तो बदल लेकराच्या हिताचा आहे हेही दाखवावं लागतं.

हा निकाल दोन्हीकडून कामाचा आहे. तुम्हाला बदल हवा असेल तर रस्ता दाखवतो. आणि लेकरू तुमच्याकडे नीट वाढत असताना समोरचा बदल मागत असेल, तर तुम्हाला आधार देतो.

२०१० मध्ये विक्रम वीर वोहरा विरुद्ध शालिनी भल्ला या खटल्यात आणखी एक शंका मिटली. घटस्फोट संमतीचा होता, मुलाबद्दल काय करायचं ते दोघांनी सही करून ठरवलेलं होतं. नंतर आईला नोकरीसाठी परदेशी जायचं होतं, म्हणून तिनं बदल मागितला. वडील म्हणाले, सही केली आहे, आता बदलता येणार नाही. कोर्टानं ते मानलं नाही. आईबापांनी सही केली तरी लेकराचं हित बांधलं जात नाही. "मी तेव्हा सही करून बसले, आता काय?" असं वाटणाऱ्या ताईंनी हे लक्षात ठेवावं.

कुठल्या कोर्टात जायचं

साधा नियम: ज्या कोर्टानं आदेश दिला, आधी तिथंच विचारायचं.

हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट झाला असेल, तर त्याच कायद्याच्या कलम २६ प्रमाणे निकालानंतरही ताबा, खर्च आणि शिक्षण याबद्दल त्या कोर्टाकडे अर्ज करता येतो. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे.

मुस्लिम, ख्रिश्चन किंवा कुठल्याही धर्माच्या आईला १८९० चा पालक आणि पाल्य कायदा वापरता येतो. त्यात लेकरू नेहमी जिथं राहतं त्या भागातल्या कोर्टात अर्ज होतो.

घरगुती हिंसाचाराच्या केसमध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी लेकराचा तात्पुरता ताबा दिला असेल, तर २००५ च्या त्या कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तिथंच बदल मागता येतो. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांची मदत घ्या.

शहरात कौटुंबिक न्यायालय आहे, पण त्याची हद्द ठरलेली असते. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठणकडच्या बऱ्याच ताईंची प्रकरणं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात चाललेली असतात. तुमच्या कागदाच्या पहिल्या पानावर कोर्टाचं नाव आणि केस नंबर असतो, तो बघा. कागद हरवला असेल तर त्या कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत मिळते. मोबाईलवर ई-कोर्ट्सचं सरकारी ॲप आहे, त्यात केस नंबर किंवा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाकला की केस दिसते. गटातल्या शिकलेल्या पोरींनी हे काम दहा मिनिटांत करून द्यावं.

अर्जाच्या आधी वहीत चार उत्तरं लिहा

वकील कोणीही असो, त्याला सगळ्या संसाराची कहाणी सांगायला वेळ मिळत नाही. म्हणून घरी बसून एका पानावर चार उत्तरं लिहून न्या.

एक, जुना आदेश काय आहे? दोन, त्यानंतर काय बदललं, कधीपासून? तीन, त्याचा लेकरावर काय परिणाम होतोय? चार, आता नेमकं काय हवं?

समजा, एका ताईचं प्रकरण असं आहे. आदेश झाला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. वडिलांची भेट दर रविवारी, शहरात. आता मुलगी नऊ वर्षांची, सोयगावकडच्या गावात शाळेत. दर रविवारी पहाटे उठून एसटीनं शहर, संध्याकाळी परत. सोमवारी शाळा बुडते. ताईचा रोजही बुडतो. आता अर्जात "भेट बंद करा" असं लिहिलं तर कोर्ट विचारणार, मुलीला बाप नको का? पण असं लिहिलं तर: "दर रविवारऐवजी महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार, त्यातली एक भेट आमच्या तालुक्याच्या ठिकाणी, मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल, आणि दिवाळीची निम्मी सुट्टी वडिलांकडे." यात मुलीला बापही मिळतो आणि शाळाही. असं मागणं कोर्टाला पटायला सोपं जातं. व्हिडिओ कॉलचं तर २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की लेकरू ज्याच्याकडे नाही त्या पालकाचा फोनवरून, व्हिडिओवरून संपर्क राहिला पाहिजे.

आता उलट बाजू. समजा, एका ताईकडे तेव्हा घर नव्हतं, माहेरचा आधार नव्हता, म्हणून मुलाचा ताबा वडिलांना गेला. आता ती शेंद्र्याला कामाला आहे, खोली भाड्यानं घेतली आहे. वडील बाहेरगावी, मुलगा आजीपाशी. तिला ताबाच हवा आहे. पण तिची आणि मुलाची दोन वर्षं नीट भेटही नसेल, तर वकील कदाचित म्हणतील, आधी भेट वाढवून मागू, सुट्टीत मुक्काम मागू, मुलगा रुळला की ताबा मागू. हे ऐकताना "एवढं थांबायचं?" असं वाटतं. पण ओळख तुटलेल्या लेकराला एका दिवसात उचलून दुसऱ्या घरी ठेवणं कोर्टाला सहसा मान्य होत नाही, आणि लेकरालाही ते जड जातं.

पुरावा म्हणजे काय काय

तोंडी सांगणं आणि कागद यात फरक पडतो. हे गोळा करा:
- आदेशाची प्रमाणित प्रत
- शाळेचा बोनाफाईड, हजेरी, प्रगतिपुस्तक
- लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद
- भाडेकरार किंवा घराचा उतारा, रेशन कार्ड
- कमाईचा पुरावा: पगारपत्रक, मजुरीच्या नोंदी, दूध डेअरीची स्लिप
- भेटीची वही: तारीख, वेळ, कोण आलं, कोण आलं नाही, लेकरू कसं परत आलं

यात एक गोष्ट आपल्याकडे असते आणि आपण विसरतो: गटाचं पासबुक. दर महिन्याची बचत, घेतलेलं कर्ज, वेळेवर फेडलेले हप्ते. "हिच्याकडे कमाई नाही, ही लेकरू काय सांभाळणार," असं समोरून म्हटलं जातं तेव्हा ही नोंद बोलते. शिलाई, शेळ्या, पापड, किराणा, ज्याच्यासाठी कर्ज घेतलं तो धंदा चालू आहे हे तिथं दिसतं. गटाच्या रजिस्टरमधल्या तुमच्या नोंदींची प्रत घ्या.

फोनवरचे मेसेज पुसू नका. आणि समोरच्याला शिव्यांचे मेसेजही करू नका, तेही पुरावाच होतात.

कोर्टात काय होतं

अर्ज दाखल झाला की समोरच्याला नोटीस जाते. त्याला आपलं म्हणणं द्यावं लागतं, वकील त्याला "से" म्हणतात. कौटुंबिक न्यायालयात पहिला भर समेटावर असतो, म्हणून विवाह समुपदेशकांकडे पाठवतात. समुपदेशक तुमच्याशी, समोरच्याशी आणि लेकराशी बोलतात. त्यांच्याशी मोकळं बोला, पण रागातही खोटं सांगू नका. पटलं तर तिथंच लिहून मिटतं. नाही पटलं तर पुरावे, साक्षी आणि मग आदेश.

वेळ लागतो. म्हणून दोन गोष्टी. निकाल लागेपर्यंत तात्पुरता आदेश मागता येतो, तो वकिलांना विसरू देऊ नका. आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी बदल हवा असेल तर अर्ज पावसाळ्यातच टाका. दिवाळीत आणि मे महिन्यात कोर्टालाही सुट्टी असते.

तारखेला जाणं जमणार नसेल तर आधी वकिलांना कळवा. व्हिडिओवरून हजर राहायची परवानगी मागता येते, देणं न देणं न्यायाधीशांच्या हातात. आणि सुनावणी बंद खोलीत हवी असेल तर कौटुंबिक न्यायालयात तसं मागता येतं, दोघांपैकी एकानं मागितलं तरी.

लेकराला काय विचारतात

"नऊ वर्षांचं झालं की लेकरू म्हणेल तिकडे," असं गावात सांगतात. कायद्यात असं वय ठरवलेलं नाही. लेकराला समजून मत देता येत असेल तर न्यायाधीश त्याची इच्छा विचारात घेतात, बऱ्याचदा आपल्या दालनात एकट्याशी बोलून. पण लेकराची इच्छा हा एक भाग असतो, निकाल नसतो. पाच वर्षांखालच्या लेकराबाबत हिंदू कायद्यात साधारणपणे आईकडे ताबा असावा असं म्हटलंय. तरी पाच पूर्ण झाले की लेकरू आपोआप बापाकडे जात नाही. तिथंही हितच बघतात.

लेकराला पढवून नेऊ नका. "जज साहेबांना सांग, पप्पा मारतात," असं शिकवलेलं पोर दोन प्रश्नांत उघडं पडतं. त्याहून वाईट म्हणजे आईसाठी बापाविरुद्ध बोलल्याचं ओझं त्या लेकराच्या मनावर राहतं. त्याला एवढंच सांगा: "विचारतील ते खरं सांग, आम्ही दोघंही रागावणार नाही."

धोका असेल तर थांबायचं नाही

आदेश पाळायचा हे वर सांगितलं. पण भेटीच्या वेळी लेकराला मारहाण झाली, किंवा अंगाशी वाईट चाळा झाला अशी शंका आली, तर ही वेगळी गोष्ट. आधी लेकराला दवाखान्यात दाखवा. पोलिसांना ११२ वर, चाइल्ड हेल्पलाइनला १०९८ वर फोन करा. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वकिलांमार्फत कोर्टात तातडीचा अर्ज द्या की भेट थांबवावी, किंवा कोणाच्या तरी देखरेखीखाली व्हावी. फक्त पाठवणं बंद करून घरी बसलात तर आदेश मोडल्याचा ठपका येतो. कोर्टाला लगेच कळवलंत तर तुम्ही लेकराला वाचवलं हे नोंदीवर राहतं.

खावटीचं काय

लेकराच्या खर्चाचा आदेशही बदलतो. पाच वर्षांपूर्वी ठरलेल्या रकमेत आज शाळेची बसही भागत नाही. फौजदारी प्रक्रियेच्या कलम १२५ खाली खावटी मिळाली असेल तर १ जुलै २०२४ पासून त्या जागी नवा कायदा आला आहे: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्यात खावटी कलम १४४ मध्ये आहे आणि तिच्यात बदल कलम १४६ मध्ये. इथंही परिस्थिती बदलल्याचं दाखवावं लागतं.

२०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलं की खावटीच्या प्रकरणात दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं शपथपत्र द्यायचं. त्यामुळं "माझ्याकडे काही नाही" असं नुसतं तोंडानं म्हणून चालत नाही. हे आपल्यालाही लागू आहे. गटातून मिळणारं उत्पन्न लपवू नका. लपवलेलं सापडलं की आपल्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास जातो.

हाही रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणजे समोरचाही रक्कम कमी करून मागू शकतो. नोटीस आली तर ती न घेता परत पाठवू नका. तुम्ही गेला नाहीत तर तुमच्या माघारी आदेश होऊ शकतो.

वकील आणि खर्च

पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे मारायची गरज नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती. आधार कार्ड आणि आदेशाची प्रत घेऊन जा, तिथं अर्ज भरून घेतात. फोनवर विचारायचं तर १५१०० हा नंबर आहे.

मिळालेल्या मोफत वकिलानं फी मागितली तर देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. वकील तारखेला येत नसेल तर बदलून मागता येतो.

कोर्ट फीबद्दलही विचारा. खावटी, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत महाराष्ट्रात महिलांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. बदलाच्या तुमच्या अर्जाला ती लागू होते का, ते दाखल करायच्या आधीच वकिलांकडून पक्कं करून घ्या.

गटानं काय करायचं

तारखेला जाणाऱ्या ताईसोबत एक जण जावी. कोर्टाच्या पायऱ्यांवर एकटीनं सासरच्या पाच माणसांसमोर उभं राहणं कठीण असतं. एसटीच्या भाड्यासाठी, प्रतींच्या खर्चासाठी गटाचं अंतर्गत कर्ज आहेच. त्या दिवशी तिचा हप्ता उशिरा आला तर बैठकीत चारचौघींत बोलू नका.

कोर्टातलं बोलणं गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. लेकराचा फोटो, आदेशाचा फोटो अजिबात नाही. त्याच शाळेत तुमचीही लेकरं जातात, गोष्ट तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

आणि "कशाला कोर्टकचेरी, जाऊ दे" असा सल्ला देण्याआधी तिचा कागद वाचून बघा. काही वेळा जाऊ देणंच बरोबर असतं. काही वेळा त्या कागदाच्या दोन ओळी बदलल्या तर एका लेकराची शाळा वाचते.

ज्या ताईंकडे असा आदेश आहे त्यांनी या महिन्यात एवढं करावं: तो पेटीतून काढावा, तारीख बघावी आणि तेव्हा लेकरू किती वर्षांचं होतं ते त्याच्या समासात लिहावं. शेजारी आजचं वय लिहावं. दोन आकड्यांत मोठं अंतर असेल आणि आदेशातल्या वेळा आता जमत नसतील, तर वहीतली चार उत्तरं लिहायला घ्या. लिहिता येत नसेल तर गावातल्या सीआरपी ताईला सांगा. विधी सेवा समितीत जायचा दिवस ठरला की मला कळवा, मी सोबत येईन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक